गोफण, गोळा आणि भाला : फेकीच्या खेळांतील गतिशास्त्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांच्या भवितव्याचीही चर्चा झाली. अशा भारदस्त पंक्तीत गोळा आणि हातोडा घेऊन बसावयाचे, याचा मला काहीसा संकोच वाटला होता. पण मंडळाच्या क्रीडाविभागालाही पन्नास वर्षे होत आहेत, आणि मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकविले आहे, तेव्हा या दोहोंची सांगड मी घालावी असा कार्यवाहांचा आग्रह पडला. तो मी मान्य केला, त्याला आणखी एक कारण आहे. या विषयात मी शिक्षक म्हणून दोन चुका केल्या. दोन्ही पुस्तकाच्या आधाराने केल्या. त्यांचा कबुलीजबाब कोठेतरी एकदा द्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

पहिली गोष्ट १९७८ च्या हिवाळ्यातील. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथील वार्षिक क्रीडास्पर्धा चालू होत्या. मैदानाच्या कोपऱ्यात थाळीफेकीचे वर्तुळ चुन्याने आखलेले, त्याच्या मागे शाळेची उंच भिंत, समोर मोकळे मैदान, आणि उजव्या हाताला एक कडुनिंबाचे झाड. झाडाखाली पाण्याचा रांजण. आता थाळीफेकीला जाळीचा पिंजरा लागतो. त्या काळी आमच्यासारख्या शाळेत तो कोठला? मुले कोठे बसवावीत, असे क्रीडाशिक्षकांनी मला विचारले. कारण मी विज्ञानाचा मनुष्य. मी क्षणभर विचार करून सांगितले, “झाडाखाली बसवा. थाळी केंद्रोत्सारी बलामुळे सुटते. सुटली तर हात ज्या दिशेला असेल त्या दिशेला जाईल. हात मागे असताना निसटली तर भिंतीवर आदळेल, पुढे असताना निसटली तर मैदानात पडेल. हात झाडाच्या बाजूला असेल तेवढ्यापुरते मुलांनी सावध राहावे, म्हणजे झाले.”

दहावीतील एक उंच मुलगा वर्तुळात आला. उजव्या हाताने फेकणारा. त्याचा तळहात घामेजला असावा. गिरकी घेता घेता हात नेमका मागच्या भिंतीकडे असताना थाळी निसटली. माझ्या गणिताप्रमाणे ती भिंतीवर आदळावयास हवी होती. भिंतीच्या वाटेस ती गेलीच नाही. ती सरळ उजवीकडे, कडुनिंबाखाली आली आणि रांजणाच्या ठिकऱ्या उडाल्या. पाचवीतला एक मुलगा पेला बुडवून नुकताच तेथून दोन पावले दूर सरला होता. त्याचे कपडे भिजले, एवढेच. लोक म्हणाले, देवाची कृपा. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो, कारण चूक मुलाची नव्हती. चूक माझ्या वाक्यात होती.

ती चूक समजून घेण्यासाठी आपण गोफणीकडे वळू. ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांना ज्वारीच्या शेतातील माळा आठवेल. कणसे भरू लागली की माळ्यावर उभे राहून पाखरे राखावयाची, आणि हातात गोफण. इकडे हिंदी मुलखातही तिला गोफनच म्हणतात. मधल्या खोळीत दगड, दोन दोऱ्या. एकीचा फास बोटात, दुसरी चिमटीत. डोक्याभोवती दोनचार वेढे देऊन चिमटी सोडावयाची. आता विचारतो : दगड समोरच्या झाडावर जावा असे वाटत असेल, तर राखणदार चिमटी केव्हा सोडतो? दगड त्याच्या समोर असताना? मुळीच नाही. तसे केले तर दगड आडवा जाईल आणि शेजारच्याच्या वावरात पडेल. दगड बाजूला असताना, पुढे येण्याच्या बेतात असताना तो चिमटी सोडतो. ज्याने पदार्थविज्ञानाचे एक पानही वाचलेले नाही असा राखणदार हे बिनचूक करतो. आणि मी पदवीधर शिक्षक उलटे सांगत होतो.

कारण असे. वर्तुळात फिरणाऱ्या दगडाची गती प्रत्येक क्षणी त्या ठिकाणच्या स्पर्शिकेच्या दिशेने असते. त्रिज्येच्या दिशेने बाहेर कधीच नसते. त्याला मोकळे सोडले तर तो सरळ जाऊ पाहतो, हा जडत्वाचा नियम. सरळ जाऊ पाहणाऱ्या दगडाला दोरी प्रत्येक क्षणी आत, केंद्राकडे ओढते, म्हणून त्याची वाट वाकते आणि वाकत वाकत वर्तुळ होते. या आतल्या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. चिमटी सुटली की ओढ संपली, आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने निघून जातो. बाहेर ढकलणारे कोणी नव्हतेच.

मग “केंद्रोत्सारी बल” ही काय वस्तू आहे? आपण गाडीने घाट उतरत असता आणि गाडी डावीकडे वळली की आपण उजव्या खिडकीवर रेलतो. आपल्याला वाटते, कोणीतरी उजवीकडे ढकलले. वस्तुतः आपले शरीर सरळच चालले होते. गाडी आपल्या पुढून डावीकडे सरकली. गाडीच्या आत बसून हिशेब मांडावयाचा तर ते बाहेरचे बल मानावे लागते आणि हिशेब बरोबर येतो. पण थाळी हातातून सुटली म्हणजे ती गाडीतून उतरलेली असते. तेथे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचाच हिशेब चालतो. माझ्या वाक्यात एवढीच गफलत होती. अर्थात मी एकटाच काही चुकलो नव्हतो. गोफणीतील दगडाचा दृष्टान्त देकार्तने १६४४ च्या आपल्या ग्रंथात घेतला, केंद्रापासून दूर जाऊ पाहण्याच्या प्रवृत्तीवर हायगेन्सने १६७३ मध्ये सिद्धान्त मांडले, आणि न्यूटनने १६८७ मध्ये केंद्राकडील बलाची व्याख्या करताना पुन्हा तीच गोफण पुढे केली. विचाराचा रोख बाहेरच्या धडपडीवरून आतल्या ओढीवर आणावयास त्या थोर मंडळींना चाळीसएक वर्षे लागली. मात्र त्यांच्यापैकी कोणाला रांजणाशेजारी मुले बसवावी लागली नव्हती.

गोफणीचे हे शास्त्र ज्या खेळात अत्यंत उग्र रूपाने दिसते तो खेळ म्हणजे हातोडाफेक. नाव हातोडा असले तरी आज ती वस्तू म्हणजे एक धातूचा गोळा, त्याला जोडलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मूठ, एवढीच आहे. पुरुषांच्या हातोड्याचे वजन ७.२६ किलो, म्हणजे जुने सोळा पौंड. लांबी सुमारे १.२ मीटर. फेकणारा सात फूट व्यासाच्या वर्तुळात उभा राहून तीन किंवा चार गिरक्या घेतो आणि त्याला सोडून देतो. सोव्हिएत संघाचा युरी सेदिख याने ३० ऑगस्ट १९८६ रोजी श्टुटगार्ट येथे ८६.७४ मीटरांची फेक केली. पुढील पस्तीस वर्षांहून अधिक काळ ती कोणास मोडता आली नाही. इतरांनी चार गिरक्यांचा ध्यास घेतला असता याने तीनच गिरक्यांत ते साधले, याचे मला आजही कौतुक वाटते.

एवढ्या अंतरासाठी सुटतेवेळी वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर असावा लागतो. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक! गोळा फिरतो त्या वर्तुळाची त्रिज्या, तार आणि ताणलेले हात मिळून, १.८ मीटर धरू. अभिकेंद्री बल काढण्याची रीत सोपी आहे : वेगाचा वर्ग करा, वस्तुमानाने गुणा, त्रिज्येने भागा. उत्तर सुमारे ३,४०० न्यूटन येते. व्यवहाराच्या भाषेत, जवळजवळ साडेतीन क्विंटलांचा भार. शंभर किलोची साडेतीन पोती दोन हातांना लटकवावीत आणि त्याच वेळी टाचेवर व चवड्यावर गरगर फिरावे, असा हा प्रकार आहे. फेकणारा मागे झुकतो तो शोभेसाठी नव्हे. न झुकला तर गोळाच त्याला ओढून नेईल.

येथे एक बारकावा आहे आणि तो मला फार आवडतो. ही साडेतीन पोत्यांची ओढ गोळ्याचा वेग तिळभरही वाढवीत नाही. ती नेमकी केंद्राकडे असेल तर गतीशी काटकोनात असते, आणि काटकोनातील बल दिशा बदलते, वेग बदलत नाही. तेल्याच्या घाण्याचा बैल डोळ्यांसमोर आणा. त्याला वर्तुळात ठेवते ते आडवे लाकूड. पण घाणा फिरतो तो बैल पुढे पाऊल टाकतो म्हणून. तद्वत हातोडा फेकणाराला गोळ्याचा वेग वाढवावयाचा तर त्याचे पाय व कंबर गोळ्याच्या किंचित पुढे धावली पाहिजेत, म्हणजे तार नेमकी केंद्राकडे न ओढता थोडी पुढेही ओढू लागते. हे दोन्ही पाय जमिनीवर असतानाच नीट साधते. म्हणून उत्तम फेकणारे उचललेला पाय शक्य तितक्या लवकर खाली आणतात. गॅलरीतून पाहणाराला नुसती गिरकी दिसते. सगळी कमाई त्या पावलात असते.

आणि आता सुटण्याचा क्षण. १.८ मीटर त्रिज्येवर २९ मीटरांचा वेग म्हणजे गोळा सेकंदाला नऊशेहून अधिक अंश फिरतो. सेकंदात अडीच वेढे. एक शतांश सेकंद उशीर झाला की फेकीची दिशा नऊ अंशांनी बदलली. मैदानावर जो पाचरीसारखा भाग फेक पडण्यासाठी आखतात त्याचा कोन ३४.९२ अंश असतो. भागाकार केला तर उत्तर येते सेकंदाचे सुमारे चार शतांश. पापणी लवण्यास याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत मूठ सुटली तर फेक, त्याआधी किंवा नंतर सुटली तर अपघात. म्हणून पिंजरा हवा, म्हणून पंचांनी गोळ्याकडे पाठ करू नये, आणि म्हणूनच एका मैदानात एका वेळी दोन फेकी चालवू नयेत. २०१९ साली केरळात कनिष्ठ गटाच्या एका स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक शेजारी शेजारी चालू असताना, मदतीला उभा असलेल्या एका शाळकरी मुलाला हातोडा लागला आणि पुढे तो दगावला. ती बातमी वाचली त्या दिवशी मला माझा रांजण आठवला. त्या मुलाच्या आणि माझ्या पाचवीतल्या विद्यार्थ्याच्या वयात फार अंतर नव्हते.

थाळीफेकीविषयी थोडक्यात सांगतो. गिरकीचे शास्त्र तेच. पण थाळी सुटल्यानंतर तिला हवेचा आधार मिळतो. दोन किलोची ही तबकडी बोटावरून सुटताना स्वतःभोवती फिरते आणि त्या फिरण्यामुळे, भोवरा जसा आपला अक्ष सोडीत नाही तशी, आपला कल सोडीत नाही. कल टिकला की हवा तिला खालून उचलते. गंमत अशी की समोरून येणारा माफक वारा थाळीला मारक न ठरता उपकारक ठरतो. १९८६ साली युर्गेन शुल्टने केलेला ७४.०८ मीटरांचा विक्रम लिथुआनियाच्या मिकोलास आलेक्नाने एप्रिल २०२४ मध्ये मोडला, तो अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रमोना नावाच्या लहानशा गावी. तेथील माळावरचा वारा थाळीला मानवतो म्हणूनच फेकणारे तेथे जातात. वाऱ्याच्या साहाय्याने धावण्याचा विक्रम नोंदला जात नाही, थाळीचा मात्र जातो. हे न्याय्य आहे काय, याचा निर्णय मी क्रीडाविभागावर सोपवितो. आपल्याकडे थाळीचे नाव झाले ते विशेषतः २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत. तेथे कृष्णा पुनिया, हरवंत कौर आणि सीमा अंतिल या तिघींनी तिन्ही पदके घेतली.

आता माझी दुसरी चूक. ही अधिक लाजिरवाणी, कारण तिच्यात कोणाचे तरी नुकसान झाले.

हातातून सुटलेली वस्तू ज्या वक्राने जाते त्यास अन्वस्त म्हणतात, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सिद्ध केले. पुढे जाण्याची गती आणि खाली पडण्याची गती एकमेकींत ढवळाढवळ न करता एकाच वेळी चालतात, ही त्याची दृष्टी. आणि सर्वांत दूर जावयाचे तर ४५ अंशांच्या कोनाने फेकावे, हे तर त्याच्याही आधी १५३७ मध्ये तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने तोफांच्या संदर्भात सांगून ठेवले होते. आपल्या सर्वांना परीक्षेत हा प्रश्न येऊन गेला आहे. ४५ लिहिले की पैकीच्या पैकी गुण.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. बुटकी, पण खांद्यांत बळ. ती गोळा नऊ मीटरांच्या आसपास टाकीत असे, आणि तो बराच सपाट जाई. जिल्ह्याच्या निवडीला पंधरा दिवस असताना मी तिला बाजूला घेतले आणि फळ्यावर सगळे गणित करून दाखविले. “कोन वाढव, बाळ. तू फुकट अंतर घालवीत आहेस.” ती आज्ञाधारक होती. तिने कोन वाढविला. तिचा गोळा दीड-दोन फूट अलीकडे पडू लागला. मला वाटले, सराव कमी पडतो आहे. निवडीत तिचे नाव आले नाही. पुढच्या वर्षी तिने गोळा हाती घेतला नाही.

आता त्याचा हिशेब मांडू. ४५ अंशांचे उत्तर खरे आहे, परंतु वस्तू जेथून सुटते आणि जेथे पडते ती दोन्ही ठिकाणे एका पातळीत असतील तरच. गोळा जमिनीतून उगवत नाही. तो खांद्याच्या वरून, उंच पुरुषाच्या बाबतीत जमिनीपासून दोन मीटरांहून अधिक उंचीवरून सुटतो. उतारावरून फेकल्यासारखेच ते झाले. सुटतेवेळी वेग सेकंदाला १४ मीटर आणि उंची २.१ मीटर धरली तर सर्वोत्तम कोन सुमारे ४२ अंश निघतो आणि फेक जवळजवळ २२ मीटर होते. ४५ अंशांनी फेकले तर आठ सेंटिमीटरांचे नुकसान. एवढ्या अंतराने पदके जातात, पण ते असो. माझ्या विद्यार्थिनीचा वेग कमी, सेकंदाला साडेआठ मीटरांच्या आसपास. वेग जितका कमी तितका उंचीचा वाटा मोठा आणि सर्वोत्तम कोन तितका लहान. तिच्यासाठी तो ४० अंशांच्याही किंचित खाली येतो. म्हणजे ४५ चा मंत्र बलवानापेक्षा होतकरूलाच अधिक घातक. आणि आम्ही तो शिकवितो तो होतकरूंनाच.

पण ही झाली भूमितीची बाब. तीत दहाबारा सेंटिमीटरच जातात. खरे नुकसान निराळ्याच जागी आहे आणि ते पुस्तकात नसते. पुस्तक गृहीत धरते की कोणत्याही कोनात फेका, वेग तोच राहील. तोफेला ते लागू आहे. माणसाला नाही. गोळा जितका वर ढकलावा तितके त्याच्या वजनाशी झगडण्यात बळ खर्ची पडते. शिवाय आपल्या छातीचे आणि खांद्याचे स्नायू समोर ढकलण्यास जितके समर्थ आहेत तितके वर ढकलण्यास नाहीत. सबब कोन वाढला की वेग घटतो. आणि अंतर हे वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात असल्याने, वेगातील लहानशी घट अंतरात मोठी होऊन दिसते. मघाच्याच पुरुषाचे उदाहरण घ्या. त्याने ४२ ऐवजी ३७ अंशांनी फेकले आणि त्यामुळे वेग १४ ऐवजी १४.३ झाला, तर त्याची फेक साडेबावीस मीटर होते. अर्ध्या मीटराचा लाभ. जगातील नाणावलेले गोळाफेकपटू ३५ ते ३८ अंशांच्या आसपास फेकतात ते अज्ञानाने नव्हे. आपला तजिंदरपालसिंग तूर, ज्याने २०२३ साली भुवनेश्वर येथे २१.७७ मीटरांची फेक केली, त्याच्या फेकीचे चित्रण पाहा. गोळा तुमच्या अपेक्षेपेक्षा सपाट जाताना दिसेल.

माझ्या विद्यार्थिनीचा वेग कोन वाढविल्याने ८.६ वरून ८.३ वर आला असेल असे मानले, तर अंतर साठ-पासष्ट सेंटिमीटरांनी घटते. दोन फूट! तिच्या शरीराने अनेक महिन्यांच्या सरावातून जो कोन शोधून काढला होता तो तिच्यापुरता बरोबर होता, आणि मी तो खडूच्या एका रेघेने पुसून टाकला. हे गणित मी निवृत्तीनंतर केले. ती मुलगी आता कोठे असते, मला ठाऊक आहे. सांगण्याचे धैर्य मात्र अजून झालेले नाही. कदाचित ही स्मरणिका तिच्या हाती पडेल.

जाता जाता एक मौज. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्ताकडे ते किंचित कमी, ध्रुवांकडे किंचित अधिक. तोच मनुष्य, तोच वेग, तोच कोन घेऊन गोळा हेलसिंकीऐवजी चेन्नईत टाकील तर २२ मीटरांच्या फेकीत सात सेंटिमीटरांची भर पडेल. विक्रमांच्या वहीत याची वजावट करीत नाहीत. दक्षिणेकडील मराठी मंडळांनी याचा फायदा घ्यावयास हरकत नाही.

राहिला भाला. येथे धाव सरळ असते, गिरकी नसते. पण एका काळी ती येऊ घातली होती. १९५६ साली स्पेनमधील काही खेळाडूंनी भाला थाळीसारखी गिरकी घेऊन फेकण्यास आरंभ केला आणि त्या वेळच्या जागतिक विक्रमाच्या पलीकडची अंतरे गाठली. भाल्यावर साबणाचे पाणी लावीत, म्हणजे तो हातातून सरकावा. पण गिरकीतून सुटणारी वस्तू स्पर्शिकेने जाते आणि सुटण्याच्या क्षणात अणुमात्र चूक झाली तर ती कोठेही जाईल, हे आपण पाहिलेच. भाल्याला तर टोक! पंचांच्या आणि प्रेक्षकांच्या जिवाचा विचार करून ती पद्धत नियमाने बंद करण्यात आली. फेकणाराने पूर्ण वळून मैदानाकडे पाठ करू नये हा नियम आजही आहे, तो त्याच भीतीतून.

दुसरे संकट सरळ फेकीतूनच आले. २० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमध्ये ऊवे होन याने १०४.८० मीटर भाला फेकला. मैदान संपावयास आले. शिवाय त्या काळचे भाले हवेत तरंगत जाऊन पुष्कळदा आडवे पडत, आणि टोक आधी टेकले की शेपूट, यावर वाद होत. उपाय काढला तो पदार्थविज्ञानाचाच. भाल्याचे वजन ८०० ग्रॅम तसेच ठेवून त्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकविला. हवेचा उचलणारा जोर ज्या बिंदूशी एकवटतो तो बिंदू आता गुरुत्वमध्याच्या मागे राहतो. त्यामुळे हवा शेपटाला वर उचलते आणि टोक खाली वळते. भाला लवकर उतरतो आणि टोकावर पडतो. १९८६ पासून पुरुषांसाठी हा नवा भाला आला आणि विक्रम नव्याने मोजावे लागले. शोधक बुद्धी स्वस्थ बसत नाही. काही जणांनी शेपटाकडचा भाग खडबडीत करून गेलेले अंतर परत मिळविले. १९९१ मध्ये तेही रद्द झाले. नव्या भाल्याने यान झेलेझ्नीने १९९६ साली ९८.४८ मीटरपर्यंत मजल मारली.

आपल्या नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळविले, त्या दिवशी आपल्या वसाहतीत पेढे वाटले गेले हे आपणांस आठवत असेल. पुढे पॅरिसमध्ये २०२४ साली त्याने ८९.४५ मीटर फेकूनही पाकिस्तानच्या अर्शद नदीमची ९२.९७ मीटरांची फेक सरस ठरली, आणि मे २०२५ मध्ये दोहा येथे नीरजने ९०.२३ मीटर गाठून नव्वदीची वेस ओलांडली. तो फेकतो तो भाला होनचा नव्हे. मुद्दाम लवकर खाली यावा म्हणून घडविलेला भाला आहे. हे लक्षात घेतले की त्या आकड्यांचे मोल कळते. आणि योगायोग असा की हाच ऊवे होन काही काळ नीरजचा प्रशिक्षक होता.

फेकीत दुसऱ्या हाताचे काम काय, हा प्रश्न मला एका श्रोत्यांनी आधीच विचारून ठेवला आहे. मोकळा हात शरीराच्या गिरकीला तोल देतो. तो छातीशी आखडून घेतला की गिरकीची त्रिज्या लहान होते आणि फेकणारी बाजू झटक्याने पुढे येते. तो हात नसेल किंवा चालत नसेल तर हा सर्व हिशेब शरीराला नव्याने बसवावा लागतो. देवेंद्र झाझडियाने एका हाताने भाला फेकून २००४ मध्ये अथेन्सला आणि २०१६ मध्ये रिओला पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. आपल्या सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी याने पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणले. त्यांच्या प्रत्येक फेकीत संतुलनाचे जे गणित सुटलेले असते ते मी फळ्यावर पुरते सोडवू शकेन असे मला वाटत नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडास्पर्धा आहेत आणि मला पुन्हा एकदा विचारण्यात आले आहे की प्रेक्षक कोठे बसवावेत. या खेपेस माझे उत्तर तयार आहे. थाळी किंवा हातोडा उजव्या हाताचा खेळाडू फेकीत असेल तर लवकर सुटलेली फेक त्याच्या उजवीकडे जाते आणि उशिरा सुटलेली डावीकडे. डावखुऱ्याचे नेमके उलट. तेव्हा दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, लहान मुले पिंजऱ्याच्या मागे बऱ्याच अंतरावर बसवावीत, दुसरी कोणतीही फेक त्याच वेळी चालू ठेवू नये. पाण्याची व्यवस्था सभागृहाच्या ओसरीवर करावी. आणि गोळाफेकीतील मुलींना कोणीही कोनाविषयी काही सांगू नये. मी तर नाहीच सांगणार.